पिवळ्या बंडीतली घार

तुम्ही तिला भिंतीवरून गाळलंत. हे सुरुवातीलाच सांगते, म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवू शकाल. पण वाचाल, कारण स्वतःबद्दल लिहिलेलं तुम्ही कधी सोडत नाही. तुमच्या बास्केटबॉल संघटनेच्या नव्या हॉलमध्ये, पिण्याच्या पाण्याच्या नळाशेजारी जी भिंत आहे, तिच्यावर तुम्ही फोटो लावलेत. आपल्या देशानं ऑलिंपिकात बास्केटबॉलचा एकुलता एक सामना जिंकला, त्या संघाचे. भिंतीवर अकरा जणी आहेत. आम्ही बारा होतो.

उद्घाटनाला ती आली होती. आम्ही तिला शिडी म्हणायचो. खरं नाव फक्त पासपोर्टवर होतं. शिडी भिंतीच्या डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत गेली, पुन्हा परत आली, आणि मला, म्हणजे संघातल्या लवंगीला, म्हणाली, "लवंगे, मी उंच म्हणून कुठे वर लावलाय का बघ जरा."

वर नुसतं छत होतं.

तेवढ्यात तुमचे सचिव आले, हातात चहाचा कागदी कप. "ताई, मनाला लावून घेऊ नका. जी मैदानात उतरली तिचाच फोटो, असा ठराव झालाय. तुमची मिनिटं शून्य आहेत हो."

"दोन्ही ऑलिंपिकांत शून्यच," शिडी म्हणाली. "सरासरी काढलीत तरी बदलायची नाही."

सचिव हसले. तीही हसली. मी हसले नाही, बोललेही नाही, कारण शिडीनं माझं कोपर घट्ट धरून ठेवलं होतं. आता हे लिहिताना ती शेजारी नाही. तेव्हा ऐका.

शिडीची आई घरात शिवणकाम करायची. एक खोली, एक मशीन, एक पलंग आणि खुंट्यांवर लोकांचे अर्धे झालेले कपडे. पोरगी इतक्या वेगानं वाढत होती की नवी पँट शिवणं म्हणजे कापड वाया घालवणं. म्हणून आई जुन्याच पँटला खाली पट्टी जोडायची, गिऱ्हाइकांच्या उरलेल्या तुकड्यांची. शिडीची पँट वर निळी, गुडघ्याखाली राखाडी आणि घोट्याशी रेघारेघांची असायची. शाळेतल्या पोरी म्हणायच्या, "काय गं, यंदा कुठल्या रंगाला आलीस?" ती रडत घरी आली की आई तोंडातली टाचणी काढून म्हणायची, "वाकून चालू नकोस. वाकलीस तर माझी शिलाई दिसणार कुणाला?"

आईचं बोलणं असं होतं. शिडीचं कुठून आलं ते तुमच्या लक्षात येईल.

एक दिवस शाळेतल्या खेळाच्या बाईंनी तिला वर्गातला पंखा पुसताना पाहिलं. पायाखाली स्टूल नव्हतं. बाईंनी हातातलं फडकं काढून घेतलं आणि चेंडू दिला. शिडी म्हणते तिला तेव्हा वाटलं, चेंडूही पुसायचाय.

पुढे ती व्यावसायिक खेळाडू झाली, म्हणजे पगारावर खेळणारी. हा शब्द तुम्हाला शिवीसारखा वाटतो, मला माहीत आहे. दूरच्या एका थंडगार गावातल्या क्लबनं तिला नेलं. गावात एक कारखाना, एक हॉल आणि शनिवारी त्या हॉलमध्ये अख्खं गाव. तिथे शिडी राणी होती. बेकरीवाला तिला सोमवारी फुकट पाव द्यायचा आणि शनिवारी हरली असेल तर दामदुप्पट घ्यायचा. म्हाताऱ्या बाया तिला रस्त्यात थांबवून सांगायच्या की दुसऱ्या सत्रात तिनं काय चुकवलं. ती कुल्फीसारखी गोठून सराव करायची आणि उन्हाळा आला की तिथलं सगळं कौतुक खुंटीला टांगून आपल्या देशाच्या संघात यायची. आणि इथे काय करायची? इथे ती पिवळी बंडी घालायची.

हे तुम्हाला समजावून सांगायला लागतंय याचीच मला लाज वाटते, पण सांगते. सामन्याआधी सराव करायचा तर समोर कुणीतरी लागतं. आपल्याच संघातल्या, बाकावर बसणाऱ्या पोरी पिवळ्या बंड्या घालून समोरचा संघ होतात. त्यांनी परक्यांसारखं खेळायचं आणि आम्ही त्यांना अडवायला शिकायचं. बहुतेक जणी बंडी घालतात आणि आपल्यासारख्याच खेळतात. शिडी बंडी घातली की शिडी राहायची नाही. समोरच्या संघातली जी सगळ्यांत भारी, तिच्या सामन्यांच्या चित्रफिती पाहून पाहून ती तिला अंगात घ्यायची. चालणं, वळणं, चेंडू मागायची पद्धत, चूक झाल्यावर पंचांकडे बघणं, सगळं.

जेवायला बसलो की आम्ही विचारायचो, "आज कोण गं?"

"आज डावखुरी आहे. मीठ इकडून दे."

आणि खरंच डाव्या हातानं सूप प्यायची. निम्मं टेबलावर सांडायचं.

"अगं, जेवताना तरी उजवी हो."

"नको. ती जेवताना उजवी झाली तर खेळतानाही होईल. हाताला कुठे कळतंय सुट्टी आहे ते?"

आमच्या प्रशिक्षकांना आम्ही मास्तर म्हणायचो. चांगला माणूस, पण मनात असेल ते सरळ बोलायचा. शिडीनं एकदा विचारलं, "मास्तर, मी आत कधी?" मास्तर म्हणाले, "तुला आत घेतलं तर बाहेरून कोण खेळणार?" तिच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती, तिच्या जागेवर तिच्याहून तरुण अशा दोन उंच पोरी आल्या होत्या, हेही खरं. पण खरं दुखणं वेगळं होतं. परकी म्हणून ती इतकी छान खेळायची की आपली म्हणून तिला खेळवायचं कुणाला सुचायचंच नाही.

दुसऱ्या ऑलिंपिकात आम्ही गेलो आणि नेहमीसारखे हरायला लागलो. पहिला सामना हरलो, दुसरा हरलो. तिसरा, गटातला शेवटचा, अशा संघाशी होता की त्यांच्याकडून कमी फरकानं हरलं तरी लोक घरी हार घेऊन येतात. त्यांच्यातल्या एकीला आम्ही घार म्हणायचो. वरून अशी झडप घालायची की चेंडू कधी गेला ते आपले रिकामे हात बघून कळायचं.

घारीला अडवायचं काम मास्तरांनी महिनाभर आधीच मला दिलं होतं. मला, संघातल्या सगळ्यांत बुटकीला. मी म्हटलं, "मास्तर, मी तिच्या खांद्याशी लागते."

"चेंडू काय तिच्या खांद्यावर असतो? तो जमिनीवर आपटतो तेव्हा तिथे कुणाचा हात लवकर जातो? तुझा. शिडे, घाल बंडी."

मग आमचं लग्नच लागलं म्हणा ना. सकाळी शिडी घार, दुपारी शिडी घार. चेंडू हातात येण्याआधी ती बुटाच्या तळव्यावरून हात फिरवायची, कारण घार फिरवायची. डावा खांदा टाकायची, मी तिकडे झेपावले की उजवीकडून निघून जायची. मी आडवी. पुन्हा उभी. पुन्हा आडवी.

"लवंगे, तू माझ्या डोळ्यांत काय बघतेस? मी तुझी सासू आहे का? खाली बघ."

"खाली काय बघू? सगळं एकदम होतंय."

"होऊ दे एकदम. तू विचार करतेस म्हणून उशीर होतो. तू नुसती कंटाळ. माझा इतका कंटाळा येऊ दे की मी कुठे वळणार ते तुला आधीच कळून वैताग आला पाहिजे."

तिच्या गुडघ्याला संध्याकाळी भोपळ्याएवढी सूज यायची. बर्फाची पिशवी लावून ती फरशीवर बसायची आणि तशीच पाय पसरून घारीच्या फिती बघायची. मी म्हटलं, "जरा सोड आता." तर म्हणाली, "हिची एक खोड आहे. तिला हसू येतं तेव्हा ती पास देते. बघ, बघ, आली लबाड."

सामन्याच्या सकाळी नाश्त्याला ती पहिल्यांदा कुणीच नव्हती. ना डावखुरी, ना घार. पाव कुस्करत बसली होती.

"हा शेवटचा," मला म्हणाली. "गुडघा पुरे म्हणतोय. क्लबलाही कळवलं."

मी तिच्यापुढे लोणी सरकवलं.

"आईनं शेजारणीचा मोठा टीव्ही आणून मशीनवर ठेवलाय. सगळा जिना तिच्याकडे जमणार. मी म्हटलं, आई, मी बाकावर असते गं. तर म्हणाली, बाकही दाखवतात की." ती थोडी हसली. "एकदा मैदानाला पाय लागावा, लवंगे. जिंकावं वगैरे नंतर. पाय लागावा, आईला दिसावं, बस. मास्तर म्हणालेत, गरज पडली तर घेईन. दया म्हणून नाही, गरज पडली तर. मला तेच आवडलं."

सामना तुम्ही पाहिलाय. पाहिलाय असं तुम्ही भाषणात तरी सांगता. मी आतून काय पाहिलं ते सांगते.

घार पहिल्यांदा माझ्यासमोर आली. बुटाच्या तळव्यावरून हात फिरवला. डावा खांदा टाकला. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हिला नीट जमत नाहीये. शिडीचा खांदा याहून खोल जातो. तुम्हाला खोटं वाटेल, पण ती जगातली एवढी मोठी खेळाडू मला नकलेसारखी वाटत होती आणि अस्सल आमच्या बाकावर टॉवेल घेऊन बसली होती. मी कंटाळले. देवाशपथ, मला कंटाळा आला. ती उजवीकडे वळली तेव्हा मी तिथे आधीच उभी होते, जिन्यात शेजारीण भेटावी तशी.

एकदा आमची धडक झाली, ती पडली. मी हात दिला आणि सवयीनं म्हणून गेले, "लागलं का गं, शिडे?"

घार माझ्याकडे बघतच राहिली. आमच्या बाकावर शिडी हसून हसून शेजारणीच्या मांडीवर आडवी झाली होती.

घारीला चेंडू मिळेना तसा त्यांचा संघ चिडत गेला. चिडलेला माणूस घाईनं फेकतो, तसं ते घाईनं फेकायला लागले. आम्ही मागे होतो, मग बरोबरीत आलो, मग शेवटी शेवटी एका गुणानं पुढे गेलो. एका गुणानं. प्रेक्षकांत आमचं कुणी नव्हतं, पण दुबळ्याला पुढे गेलेलं बघून परके लोकही आपले होतात. सगळं छप्पर दणाणत होतं. चेंडू त्यांच्याकडे होता आणि घड्याळात अगदी थोडं उरलं होतं. शेवटची फेक घारच घेणार हे पाणी वाटणाऱ्यालाही कळत होतं.

तेव्हा मास्तर वळले. "शिडे, टेबलाशी जा. तिला तू अडव, लवंगी मदतीला येईल. घारीला तुझ्याइतकं कोण ओळखतं?"

दया नव्हती. गरज होती. शिडीनं अंगातलं जाकीट काढून फेकलं आणि गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

आता नियम. खेळ चालू असताना बदली खेळाडूला आत येता येत नाही. चेंडू बाहेर जायला हवा किंवा पंचांची शिट्टी वाजायला हवी. मास्तरांनाही मधेच खेळ थांबवता येत नाही. शिडी मैदानाच्या रेषेशी उभी होती, पायाचा अंगठा रेषेच्या अलीकडे, आणि सगळं फक्त एका शिट्टीवर अडलेलं.

चेंडू घारीकडे आला. तिनं डावा खांदा टाकला. मी काही ठरवलं नाही. माझा हात आपला आपण खाली गेला, जमिनीपाशी, जिथे तो शिडीकडून पन्नास वेळा चेंडू काढायला गेला होता आणि उशिरा पोचला होता. या वेळी उशिरा पोचला नाही. चेंडू माझ्या बोटांना लागला, उडाला, आणि मी तो घेऊन पळाले.

त्यांच्याकडे आता एकच उपाय होता: मला धरणं. मला धरलं की शिट्टी, घड्याळ बंद, मला दोन मोकळ्या फेकी, आणि मग चेंडू त्यांच्याकडे. म्हणजे त्यांना अजून एक संधी. आणि शिट्टी वाजली की शिडी आत.

हे माझ्या डोक्यात एका झटक्यात आलं. दोघी माझ्या मागे होत्या, तिसरी समोरून येत होती, आणि तिच्या पलीकडे, टेबलाशी, शिडी. मला शिडीची आई दिसली, मशीनवरचा टीव्ही दिसला. माझे पाय हळू झाले. वाटलं, धरू दे. मी फेक टाकीन, शिडी आत येईल, घारीला अडवेल, काय बिघडतं.

शिडीला ते कळलं. तिला कळणारच, ती महिनाभर माझ्यासमोर उभी होती.

"थांबलीस तर तंगडी मोडीन," ती ओरडली. एवढ्या गोंगाटात मला तेवढंच ऐकू आलं. "पळ, लवंगे. इकडे बघू नकोस. पळ."

मी पळाले. समोरचीच्या काखेखालून गेले, कोपऱ्यात गेले, कोपऱ्यातून बाहेर आले. बुटकी असण्याचा जन्मात एवढा उपयोग कधी झाला नव्हता. माझ्या जर्सीला कुणाची तरी नखं लागली, पण कापड हातात आलं नाही. आणि मग घड्याळाचा भोंगा वाजला.

सगळ्यांत आधी मैदानात कोण आलं असेल? शिडी. गुडघा बिडघा विसरून, तीन ढांगांत. मला काखेत घालून तिनं असं उचललं की माझे बूट हवेत. मी रडत होते. "तुझा पाय," मी म्हणत होते, "तुझा पाय नाही लागला."

"हा काय लागला," ती म्हणाली आणि लाकडी फरशीवर धाडधाड पाय आपटून नाचायला लागली. मग आम्ही सगळ्याच नाचलो, मास्तरांसकट. मास्तरांना नाचता येत नाही, हेही त्या दिवशी कळलं.

आत जायच्या वाटेवर घार उभी होती. मला वाटलं, भांडणार. तिनं माझ्याकडे बोट केलं आणि तिच्या उच्चारात विचारलं, "शिडे?" मी शिडीकडे बोट केलं. घारीला काही कळेना. तेव्हा शिडीनं पिशवी खाली ठेवली, बुटाच्या तळव्यावरून हात फिरवला, डावा खांदा टाकला आणि उजवीकडून निघून भिंतीशी जाऊन थांबली. शेवटी पंचांकडे बघतात तसं वर बघितलं, तोंड वाकडं करून.

मग घारीनं हाका मारून तिच्या सगळ्या पोरी गोळा केल्या आणि शिडीला पुन्हा करायला लावलं. त्या अशा हसत होत्या की हरलं कोण ते बाहेरच्याला सांगता आलं नसतं. मग घारीनं स्वतःच तसं करून दाखवलं आणि आमच्यातली एक मागून म्हणाली, "हिला नाही बाई जमत."

शिडीनं तिथेच आईला फोन लावला. तिच्या हातातून आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता.

"आई, बघितलंस?"

"बघितलं. मेली सगळी जिन्यातली माणसं माझ्या पलंगावर नाचून गेली, फळी मोडलीय."

"मी दिसले?"

"दिसलीस तर. त्या टेबलाशी उभी होतीस, सरळ. ती बुटकी पळाली तेव्हा तुझंच तोंड दाखवत होते. काय ओरडलीस गं?"

"काही नाही. पळ म्हटलं."

"बरं केलंस," आई म्हणाली. "जाकिटाशिवाय उभी होतीस. थंडी वाजली असेल, अंगात घाल."

शिडीनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, "झालं. आईनं पाहिलं." त्या दिवसापासून आजपर्यंत मी तिच्या तोंडून तक्रारीचा शब्द ऐकलेला नाही. हे लिहू का विचारलं तर म्हणाली, "कशाला लिहितेस? माझं भागलंय."

तिचं भागलं असेल. माझं नाही.

माझ्या फोटोखाली तुम्ही लिहिलंय की निर्णायक चेंडू हिनं काढला. घारीला त्या संध्याकाळपर्यंत मी जन्मात समोर पाहिलं नव्हतं. माझ्या हाताला तो रस्ता कुणी शिकवला? आणि माझे पाय थांबत होते तेव्हा ते कुणी पळवले, स्वतःची शेवटची संधी हातानं घालवून? ठरावाची प्रत मला पाठवू नका, ती मी वाचली आहे. तुमच्यातल्या एकानं तिच्यापुढे उभं राहून तोंडानं सांगावं की त्या सामन्यात ती खेळली नाही. आणि सांगताना मान वर करावी. तिच्याशी बोलायचं तर ती करावीच लागते. कोण येतंय तुमच्यातलं? मी वाट बघते आहे.